मातृघटक आणि सहासष्ट पायऱ्या

मूल व्हायला दोन माणसं लागतात. चौकशीला मात्र एक पुरतं. हे सत्य इतकं सोयीचं असूनही त्यासाठी आजवर कोणी स्वतंत्र कक्ष उघडला नव्हता. आमच्या प्रसूती रुग्णालयाने ती उणीव भरून काढली.

जन्मणाऱ्यांत मुलगे किती आणि मुली किती, हे प्रमाण कशाने हलतं, हा प्रश्न पोरकट मुळीच नाही. जाणती माणसं त्यावर आयुष्यं घालवतात. आईचं वय, आईचं वजन, आईची काळजी, आईचा नाश्ता असं एकेक ताडून पाहतात, आणि हजारात दोन-तीनांचा फरक दिसलाच तर चार वेळा 'कदाचित' लिहून तो छापतात. पुढच्या अभ्यासात तो फरक नाहीसा होतो. मग ते तेही छापतात. अशा चिकाटीच्या लोकांबद्दल आमच्या कक्षाला मनापासून आदर होता. त्यांच्या कामातली 'कदाचित' ही एवढी एकच त्रुटी आम्ही दूर केली.

कक्षाचं पूर्ण नाव 'जन्मकालीन लिंगगुणोत्तरविषयक मातृघटक निरीक्षण कक्ष'. पाटीवर ते मावेना, म्हणून रंगाऱ्याने 'मातृघटक' एवढंच लिहिलं आणि पुढे बाण काढला. बाण वरच्या दिशेने होता, कारण कक्ष तिसऱ्या मजल्यावर होता. धुतलेल्या चादरी ठेवायची ती खोली. चार टेबलं, एक खिडकी, चादरींच्या सवयीने फुगलेलं आणि त्यामुळे कधीच न मिटणारं एक कपाट. तळमजल्यापासून कक्षापर्यंत पायऱ्या सहासष्ट, दर मजल्याला बावीस. लिफ्ट होती, पण ती रुग्णांसाठी. आणि ज्याच्या हातात केसपेपर तो रुग्ण, अशी लिफ्टमनची व्याख्या होती. ती मला आजही आमच्या सगळ्या व्याख्यांपेक्षा नेमकी वाटते.

कक्षाचे अहवाल शुद्ध भाषेत लिहून काढणं हे माझं काम. नऊ पानांचं म्हणणं एका ओळीत बसवण्याबद्दल माझं नाव होतं. पुढे जे झालं त्यात या नावाचाही थोडा हात आहे, ते ओघाने येईलच.

कक्षाचा प्राण म्हणजे फॉर्म. सात जणांच्या समितीने तो दोन महिने खपून तयार केला. सातही जण अनुभवी वडील होते. प्रश्न एकशे बारा, सगळे मातेला. काही नमुने देतो:

प्रश्न ७. झोपताना कूस. (डावी, उजवी, की जी मोकळी मिळेल ती.)

प्रश्न २३. खारट आवडतं की गोड. (दोन्ही म्हणाल्यास 'स्वभाव चंचल' असे लिहावे.)

प्रश्न ४६. राग आठवड्यातून किती वेळा येतो.

प्रश्न ४७. तो कोणी पाहिला.

प्रश्न ७१. स्वप्नात पाणी दिसतं का. दिसत असल्यास किती खोल.

प्रश्न ८८. उंची, चपलेसह आणि चपलेविना.

प्रश्न १०४. आपल्याला काय व्हावं असं वाटतं. (उत्तर 'काहीही' आल्यास पुन्हा विचारावे.)

वडिलांसाठी शेवटी एक ओळ होती: पत्ता. तीही पत्रव्यवहार करावा लागला तर.

यात पक्षपात झाला असं कोणी समजू नये. सुरुवातीला वीस वडिलांना बोलावून हेच प्रश्न विचारून पाहिले होते. एकोणीस जण म्हणाले, 'तिला विचारा.' विसाव्याने घाबरून विचारलं, 'का? ती काही म्हणाली का?' इतक्या मोठ्या प्रमाणात एकमत झाल्यावर शास्त्राला दुसरा रस्ता उरत नाही.

पहिल्याच बैठकीत एक किरकोळ हरकत आली. पहिल्या मजल्यावरच्या प्रसूती विभागाच्या मोठ्या सिस्टर एकतीस वर्षं बाळंतपणं करत होत्या आणि त्यामुळे त्यांना बोलायची सवय होती.

"अहो साहेब," त्या म्हणाल्या, "मुलगा की मुलगी हे बापाकडून काय येतं त्यावर ठरतं. माझ्या भाचीच्या शाळेच्या पुस्तकात आहे. चित्रासकट."

साहेब म्हणजे आमचे कक्षप्रमुख. मृदू स्वभावाचे, कोणाचंही म्हणणं पूर्ण ऐकून घेऊन मगच न ऐकणारे. ते म्हणाले, "सिस्टर, पृथ्वी गोल आहे हेही शाळेच्या पुस्तकात आहे. म्हणून आपण जमीन सपाट करून घरं बांधायची सोडली का?"

सिस्टर उठून खाली आपल्या विभागात गेल्या. इतिवृत्तात मी लिहिलं: 'शालेय पातळीवरचा एक मुद्दा उपस्थित झाला व कक्षाची पातळी पाहता मागे पडला.'

आलेल्या फॉर्मांचे तक्ते करणाऱ्या बाईंना आम्ही तक्तेबाई म्हणत असू. वय चौतीस, अक्षर छापल्यासारखं, बेरीज चुकली तर त्यांना शिंका येत. (हे मी दोनदा प्रत्यक्ष पाहिलं आहे.) नवरा लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा. अकरा इमारतींच्या लिफ्ट त्याच्या भरवशावर वरखाली होत. आमची त्यांत नव्हती. घरी दोन मुली, आणि सासूबाई. कक्ष सुरू होऊन दीड वर्ष झालं तेव्हा तक्तेबाईंना तिसऱ्यांदा दिवस गेले.

डॉक्टरीणबाईंनी तपासून स्पष्ट सांगितलं: "अंगात रक्त नाही तुझ्या. हे तिसरं निभावून नेऊ आपण. पण हे शेवटचं. चौथं तुला झेपायचं नाही, आत्ताच सांगून ठेवते."

तक्तेबाईंनी हे जसंच्या तसं घरी सांगितलं. घराने ठराव मान्य केला, फक्त एक छोटी दुरुस्ती सुचवली: मुलगा झाल्यास शेवटचं.

भाषेचा माणूस म्हणून मला त्या दुरुस्तीचं कौतुक वाटलं. दोन शब्द, आणि एका बाईचा जीव त्यांवर टांगलेला. आमच्या कक्षाला असा आटोपशीर मजकूर कधी जमला नाही.

तक्तेबाईंचा फॉर्म रीतसर भरून घेण्यात आला. तक्ता करणारीच तक्त्यात गेली तर चालेल का, अशी शंका मी काढली. साहेब म्हणाले, "उलट बरंच झालं. घरचं उदाहरण आहे, पत्ता शोधावा लागणार नाही."

फॉर्मची एक प्रत मातेने घरी ठेवायची असे. ती सासूबाईंच्या हाती पडली.

सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका. छापील कागद समोर आला की तो सोडवायचा, ही त्यांची पस्तीस वर्षांची शिस्त. त्यांनी फॉर्म दोनदा वाचला, लाल पेन्सिलीने खुणा केल्या, आणि सुनेला आमचा पहिला हंगामी तक्ता आणायला लावला. त्यात मुलगे झालेल्या मातांची सरासरी उत्तरं होती. म्हणजे त्यांच्या दृष्टीने उत्तरपत्रिका.

एके दिवशी दुपारी कक्षातला फोन वाजला. मी उचलला.

"हॅलो, मातृघटक?"

"बोला."

"मी तुमच्या तक्तेबाईची सासू. प्रश्न सेहेचाळीस. राग किती वेळा यायला हवा?"

"बाई, तो प्रश्न आहे. उपाय नव्हे."

"प्रश्न आहे म्हणजे बरोबर उत्तर असणारच. मुलगेवाल्यांना किती वेळा आला?"

मी तक्ता पाहिला. पाहायला नको होता. "सरासरी तीनदा."

"हिला दोनदाच आलाय," सासूबाई काळजीने म्हणाल्या. "आणि आठवडा संपत आला. बघते मी काय करता येतं ते."

दुसऱ्या दिवशी तक्तेबाई डबा उघडून नुसत्याच बसल्या होत्या. मी विचारलं, "काय हो, जेवत नाही?"

"काका, काल आईंनी माझा कप फोडला. निळा, माझ्या बहिणीने दिलेला. मुद्दाम, माझ्यासमोर, वरून खाली सोडून. आणि मग माझ्या तोंडाकडे बघत म्हणतात, आला का राग?"

"मग?"

"आला की!"

"म्हणजे तीन झाले," पलीकडच्या टेबलावरून साहेब समाधानाने म्हणाले. "नोंद करून टाका."

दर सोमवारी तक्तेबाई नवा हुकूम ऐकवत. डाव्या कुशीवर झोपायचं. गोड बंद. स्वप्नात पाणी दिसावं म्हणून उशाशी बादली. (दिसली ती बादलीच. प्रश्न ७१ मध्ये बादलीची तरतूद नव्हती.) सासूबाई दुष्ट होत्या असं मात्र मी म्हणणार नाही. एकदा त्या स्वतः कक्षात आल्या होत्या. सहासष्ट पायऱ्यांनी लागलेली धाप ओसरल्यावर भिंतीवरच्या तक्त्यांकडे बघत म्हणाल्या, "चार मुलींनंतर मला हा मुलगा झाला. पाच बाळंतपणं. मला कोणी असं छापील काही दिलं असतं ना, तर दुसऱ्यातच सुटले असते." आणि त्यांनी फॉर्मच्या गठ्ठ्यावरून हात फिरवला.

सातव्या महिन्यात मोठा तक्ता तयार झाला. निकाल थक्क करणारा होता. डाव्या कुशीवर झोपणाऱ्यांत मुलगे शेकडा चौसष्ट. उजव्या कुशीवर, चौसष्ट. खारट खाणाऱ्या, चौसष्ट. गोड खाणाऱ्या, चौसष्ट. उंच, बुटक्या, रागीट, शांत, चपलेसह, चपलेविना: सगळीकडे चौसष्ट.

साहेबांचे डोळे पाणावले. "म्हणजे सगळेच घटक परिणामकारक आहेत!"

तक्तेबाईंना मात्र शिंका येऊ लागल्या. त्या खाली पहिल्या मजल्यावर गेल्या, मोठ्या सिस्टरांकडून प्रसूती विभागाची वही मागून घेतली आणि बाकावर बसून तीन दुपारी मोजत राहिल्या. वहीत जन्म होते तीन हजार नऊशे बारा. मुलगे दोन हजार चार, मुली एक हजार नऊशे आठ. शेकडा एक्कावन्न आणि थोडे वर. जगात बहुतेक ठिकाणी असतात तेवढेच. मग आमच्याकडे चौसष्ट कुठून आले?

उत्तर आमच्या कामाच्या पद्धतीत होतं. बाळंतपणानंतर नातेवाइकाने निकालाची चिठ्ठी स्वतः, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीशी आणून द्यायची, असा नियम होता. चिठ्ठी आली की फॉर्म पुरा. नाही आली की तो फुगलेल्या कपाटात. ज्यांच्याकडे मुलगा झाला ते त्याच दुपारी सहासष्ट पायऱ्या दोन-दोन करत चढून येत, शिपायाचा हात हातात घेऊन हलवत. ज्यांच्याकडे मुलगी झाली त्यांना पहिल्या मजल्यावरच आठवे की गुडघा दुखतो. असे मुलगे वर पोचले एक हजार चारशे शहात्तर आणि मुली आठशे तीस. (त्या आठशे तीस चिठ्ठ्या आणणाऱ्यांत मावश्यांचं प्रमाण लक्षणीय होतं.) बाकीच्या एक हजार अठ्ठ्याहत्तर मुली जन्मल्या होत्या, रडल्या होत्या, दूध प्यायल्या होत्या; फक्त जिना चढल्या नव्हत्या.

तक्तेबाईंनी हे नऊ पानांत लिहिलं. निष्कर्ष असा: कक्षाच्या दोन वर्षांच्या कामात लिंगगुणोत्तरावर परिणाम करणारा एकच घटक सापडला आहे, तो म्हणजे जिना; आणि तोही फक्त कागदावर.

साहेबांनी नऊही पानं वाचली. गंभीर झाले. कक्षाचं दोन वर्षांचं काम अशा नऊ पानांत वाहून जाऊ देणं ही कामाशी प्रतारणा झाली असती. त्यांनी मला बोलावलं. "जिना हा शोध महत्त्वाचा आहे. बाकी तपशील जड होतो. एका ओळीत बसवा."

मी बसवली. 'कक्षाच्या निरीक्षणानुसार जिना व पुत्रजन्म यांचा निकट संबंध दिसून येतो.' वाक्यात खोटं काहीच नव्हतं. मी ते तीनदा तपासलं होतं.

पुढचं साहेबांनी लिहिलं: 'सबब गरोदर मातांनी दररोज किमान एकदा तिसऱ्या मजल्यापर्यंत जिना चढावा.' फलक जिन्याच्या तोंडाशी लागला. आठवड्याभरात रुग्णालयाचा जिना पोट सांभाळत चढणाऱ्या बायकांनी गजबजून गेला. मागे नातेवाईक मोजत. लिफ्टमन रिकाम्या लिफ्टमध्ये स्टूल टाकून पेपर वाचू लागला.

तक्तेबाईंना रक्त कमी म्हणून डॉक्टरीणबाईंनी लिफ्टचा खास पास दिला होता. फलक लागला त्या दिवशी सासूबाईंनी तो सुनेच्या पर्समधून काढून घरच्या कपाटात कागदाखाली ठेवला.

"आई, अहो तो तक्ता मी केलाय," तक्तेबाई म्हणाल्या. "त्याचा अर्थ तसा नाहीये. मीच शोधलंय ते!"

"हो ना? मग तुझ्यावर तर तुझा विश्वास हवा," सासूबाई म्हणाल्या.

तेव्हापासून सासूबाई रोज सकाळी सुनेबरोबर येत आणि तळमजल्यावर, कठड्याला हात लावून, मान वर करून उभ्या राहत. सून चढे. एक, दोन, तीन असं खालून मोठ्याने मोजणं ऐकू येई. बाविसाव्या पायरीला वळण होतं आणि तिथून पुढचं खालून दिसत नसे, म्हणून पुढचे आकडे वरून ओरडून सांगायचे असत. त्या वळणावरच प्रसूती विभागाचा बाक होता. तक्तेबाई तिथे बसत, सिस्टर एक केळं आणि पाणी देत, आणि अकरा मिनिटांनी पुढचे आकडे सिस्टर आतूनच ओरडून पुरे करत.

एका सकाळी त्या अकरा मिनिटांत तक्तेबाईंनी सिस्टरांकडे दुसरा एक फॉर्म मागितला. बाळंतपणाबरोबरच पुढचं कायमचं बंद करून घेण्याचा. त्यात एकच प्रश्न होता: संमती आहे का. तक्तेबाईंनी आपल्या छापील अक्षरात 'आहे' लिहिलं, खाली सही केली. साक्षीदार म्हणून सिस्टरांनी केली, आणि दुसरा हवा होता म्हणून वर जाताना मला थांबवलं. मी वाचून पाहिलं. एका ओळीत बसवण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं.

"काका, घरी बोलू नका," तक्तेबाई म्हणाल्या.

"तुम्ही सांगणार नाही?"

"सांगेन ना. झाल्यावर. आधी सांगितलं तर यावरही तक्ता मागतील."

जिन्याचे परिणाम पुष्कळ सांगितले गेले. हा एवढाच मला निर्विवाद वाटतो.

आठवा संपायला चार दिवस असताना, सकाळी दहाच्या सुमाराला, चाळिसाव्या पायरीवर तक्तेबाईंच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. त्या दिवशी सिस्टर एका अडलेल्या बाळंतपणात होत्या आणि आकडे ओरडायला कोणी नव्हतं, म्हणून तक्तेबाई न थांबता, स्वतःच आकडे सांगत पुढे गेल्या होत्या. मी मागून येत होतो. चार पायऱ्या वर लिफ्ट होती, पण लिफ्टमनने केसपेपर विचारला. तक्तेबाईंच्या हातात तेव्हा कक्षाची हजेरीवही होती. म्हणून कक्षातली खुर्ची मागवून शिपाई आणि मी त्यांना अठरा पायऱ्या उतरवून प्रसूती विभागात नेलं. कक्ष आणि प्रसूती विभाग एकाच इमारतीत ठेवण्यामागची दूरदृष्टी तेव्हा मला पटली.

खालून अजून आवाज येत होता. "एक्केचाळीस! अगं, एक्केचाळीस कुठे आहे?"

बाकावर आम्ही चौघं बसलो. सासूबाई, हातात पाना घेऊन तसाच धावत आलेला नवरा, साहेब आणि मी. एक वाजून दहा मिनिटांनी दार उघडून सिस्टर बाहेर आल्या.

"काय झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"बाळंतपण."

"ते कळलं हो," नवरा म्हणाला. "काय झालं?"

"पोट उघडावं लागलं. दोन बाटल्या रक्त चढवतोय. बाळ दोन किलोला जरा कमी भरलं, पण रडलं छान."

"उत्तम, उत्तम," साहेब म्हणाले. "पण झालं काय?"

मग सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. चौघांत भाषेचा माणूस मी. मी घसा साफ केला. "म्हणजे सिस्टर, यांना विचारायचंय ते असं की, काय झालं?"

सिस्टरांनी हातमोजे काढले. सावकाश, एकेक बोट. "आणि पुढचंही बंद करून टाकलंय. तिची सही आहे."

"मला न विचारता?" नवरा उभा राहिला.

"तुमचा पत्ता होता आमच्याकडे," सिस्टर म्हणाल्या. "पत्र टाकायला हवं होतं, चुकलंच."

"म्हणजे आता," सासूबाई हळूच म्हणाल्या, "पुन्हा नाही?"

"नाही. काहीही झालेलं असलं तरी नाही."

इथे खरं तर प्रश्न संपला होता. जे झालं होतं त्याने आता कोणाचंच काही बदलणार नव्हतं, चौथं नव्हतंच. तरी नवरा म्हणाला, "बरं, ते राहू द्या. काय झालंय ते तरी सांगा."

सिस्टर सासूबाईंच्या शेजारी बाकावर टेकल्या. "बाई, तुमची पाच झाली ना? पहिलीच्या वेळी, सगळं उरकल्यावर, तुम्हाला कोणी काय विचारलं होतं?"

सासूबाईंनी बराच वेळ विचार केला. मुख्याध्यापिका होत्या, अंदाजाने उत्तर देणं त्यांना जमत नसे.

"कोणी काही विचारलं नाही," त्या म्हणाल्या. "पडदा ओढून घेतला आणि बाहेर गेले सगळे."

"दुसरीच्या वेळी?"

"पडदा आधीच ओढलेला होता."

नवरा हातातल्या पान्याचा स्क्रू उगाच फिरवत राहिला. एक वाजून एकोणतीस मिनिटांनी (वेळ टिपायची मला सवय आहे) सासूबाईंनी विचारलं, "ती बोलतेय का?"

"पाणी मागितलं मघाशी," सिस्टर म्हणाल्या. "कप द्यायचाय तिला. फोडू नका."

सासूबाई उठून आत गेल्या. आत दोन गोष्टी होत्या, पलंग आणि पाळणा. सिस्टर सांगतात, त्या आधी पलंगाकडे वळल्या. हे ऐकीव आहे, आणि एका उदाहरणावरून निष्कर्ष काढू नये असं तक्तेबाईंनीच मला शिकवलं आहे.

तक्तेबाई पाच महिन्यांनी कामावर परतल्या, अंगावर थोडं मांस धरून, पासने, लिफ्टमधून. पास सासूबाईंनी स्वतः कपाटातून काढून दिला होता. कागदाखाली राहून तो छान सपाट झाला होता. फलक उतरला, कारण साहेबांना नवा घटक सापडला होता. (खिडक्यांची दिशा. अभ्यास चालू आहे.) तक्तेबाईंच्या स्वतःच्या फॉर्मवर निकालाचा रकाना आजही कोरा आहे. नियमाप्रमाणे चिठ्ठी घेऊन नातेवाइकाने वर यायला हवं. साहेबांनी तीन स्मरणपत्रं पाठवली. घरून उत्तर आलं की गुडघा दुखतो. खाली सासूबाईंची सही होती.

फॉर्म नव्याने छापायला गेला तेव्हा तक्तेबाईंनी त्यात एक प्रश्न वाढवला. समितीने हरकत घेतली नाही. नव्वदाच्या पुढे समिती वाचत नसे. तो प्रश्न मातेला नाही, चिठ्ठी घेऊन येणाऱ्याला आहे. प्रश्न ११३: बाळंतपण झाल्याचं कळताच आपण पहिला प्रश्न कोणता विचारलात?

मी निवृत्त झालो तोवर नऊशे अठरा उत्तरं आली होती. 'काय झालं' आठशे एकाहत्तर. 'किती वाजता' तेहतीस. 'ती कशी आहे' चौदा. त्या चौदांत अकरा मावश्या, दोन आज्या, आणि एक टॅक्सीवाला, ज्याने तिला नुसतं दाराशी आणून सोडलं होतं.

आता हा मजकूर वाचणाऱ्यांसाठी. बाई जगली, हे मी सांगितलं. बाळ रडलं, हेही सांगितलं. पुढचं भय उरलं नाही, हे तर सिस्टरांनीच सांगितलं. तरीसुद्धा गेली दोन पानं तुम्ही मनात एक प्रश्न धरून आहात, आणि शेवटच्या ओळीत तरी हा माणूस सांगेल म्हणून थांबला आहात. तोच प्रश्न ११३व्या प्रश्नापुढच्या रकान्यात, सुवाच्य अक्षरात लिहावा. चिठ्ठी टपालाने स्वीकारली जात नाही. स्वतः वर आणून द्यावी. पायऱ्या सहासष्ट आहेत.